नवीन सी अ‍ॅनिमोन: खाऱ्या पाण्याच्या टँकमधली देखभाल आणि खाणं

सी अ‍ॅनिमोन म्हणजे समुद्रफूल. दिसायला फूल पण आहे पूर्ण प्राणी, प्रवाळ आणि जेलीफिशच्या गोतावळ्यातला. तळाच्या चपट्या पायाने खडकाला चिकटून बसतो आणि मधल्या तोंडाभोवतीच्या दंशपेशीवाल्या टेंटॅकल्सनी (लवचिक सोंडांनी) भक्ष्य पकडतो. त्याला तोंड एकच, खाणं आत जातं ते तिथूनच आणि घाण बाहेर पडते तीपण तिथूनच. मुंबईकरांना तो बघायला फार लांब जावं लागत नाही, ओहोटीला हाजी अली, वरळीच्या खडकांत साचलेल्या पाण्यात नीट बघितलं तर दिसतो, पण तो बघायचा आणि तिथेच ठेवायचा, उपटून घरी आणायचा नाही.

टँकसाठी सगळ्यात जास्त घेतला जातो तो बबल टिप, शास्त्रीय नाव एन्टॅकमिया क्वाड्रिकलर, टेंटॅकल्सची टोकं फुगीर असतात म्हणून हे नाव, आणि नवीन माणसाने सुरुवात यानेच करावी. कार्पेट अ‍ॅनिमोन दिसतो जबरदस्त पण दोन फुटांपर्यंत पसरतो, डंख जोरदार आणि छोटा मासा हाती लागला तर सरळ गिळतो, मुंबईच्या फ्लॅटमधल्या छोट्या टँकमध्ये त्याचं काम नाही.

आता मुद्द्याचं. या प्राण्याचं बरंचसं पोट उजेडावर भरतं. त्याच्या अंगात झूझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा अ‍ॅनिमोनला देतं. म्हणून नवीन आणलेला अ‍ॅनिमोन पहिल्या महिन्यात दगावतो तो बहुतेक वेळा कच्च्या, म्हणजे नव्या टँकच्या अजून स्थिर न झालेल्या पाण्यामुळे, काढताना फाटलेल्या पायामुळे किंवा मालकाच्या घाईमुळे, भुकेने मेलेला क्वचितच सापडेल. पण लोक आणल्या आणल्या कोळंबी घेऊन उभे राहतात!

टँक निदान सहा महिने जुना हवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० पीपीएमच्या (दहा लाखात दहा भाग) आसपास, घनता (खारेपणाचं माप) १.०२५ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, तापमान २५ ते २७ अंश, आणि हे आकडे रोज तेवढेच राहिले पाहिजेत, आज एक उद्या दुसरं असं झालं की अ‍ॅनिमोन मिटून बसतो. मुंबईत खरा त्रास तापमानाचा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये बंद घरातला टँक सहज ३० च्या वर जातो, पंखा लावला तर पाणी उडतं आणि क्षार वाढतो म्हणून रोज साधं आरओचं पाणी टाकून पातळी भरावी लागते (मीठ घातलेलं नाही, साधंच, इथे बरेच जण चुकतात), आणि पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की पंख्याने पाणी फारसं गार होत नाही. त्यामुळे चिलरला (पाणी गार करणाऱ्या यंत्राला) पैसे नसतील तर अ‍ॅनिमोन थोडा पुढे ढकलावा असं स्पष्ट सांगावंसं वाटतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते थेट चालत नाही, आणि चौपाटीवरून कॅन भरून आणणं तर विसराच, त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसात क्षारही घसरतो. आरओ-डीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढणाऱ्या फिल्टरचं) पाणी आणि पाकिटातलं समुद्री मीठ हाच रस्ता. वीज आपल्याकडे सहसा जात नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बंद पडून जवळजवळ अख्खी मुंबई काही तास अडकली होती, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

क्रॉफर्ड मार्केट असो की आणखी कुठलं दुकान, घेताना तोंड बघायचं. तोंड घट्ट मिटलेलं हवं, आ वासलेलं किंवा आतडं बाहेर आल्यासारखं दिसलं तर घेऊ नका. पाय कुठेतरी चिकटलेला हवा, आणि तो ओढून काढू द्यायचा नाही, शक्यतो ज्या दगडावर बसलाय त्या दगडासकटच मागायचा, मात्र तो दगड प्रवाळाचा तुकडा तर नाही ना हे विचारा कारण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षण आहे. पांढराफटक अ‍ॅनिमोन म्हणजे आतलं शैवाल गेलेला, आणि भडक पिवळा किंवा निळा बहुतेक वेळा रंगवलेला असतो, दोन्ही टाळा.

घरी आणल्यावर बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी पिशवीतल्या पाण्यात सोडत तासभर तरी द्यायचा, मग पंप थोडा वेळ बंद करून खडकाच्या खाचेजवळ ठेवायचा आणि हात बाहेर. तो फिरणारच. आज इथे, सकाळी काचेवर, आवडती जागा मिळेपर्यंत हिंडतो, म्हणून वेव्हमेकरला (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाला) जाळी किंवा स्पंज आधीच लावून ठेवा, पात्यात गेला की चिंधड्या होतात आणि ते पाणी बाकीच्या माशांनाही मारतं. दिवसातून कधी तो पार चिमलेल्या फुग्यासारखा होतो, ते आतलं पाणी बदलत असतो, थोड्या वेळाने पुन्हा फुलतो. माशांच्या औषधातलं तांबं मात्र त्याला विष आहे, ज्या टँकमध्ये कधी तांब्याचं औषध पडलंय तिथे त्याला ठेवूच नये.

खाणं पहिला आठवडाभर द्यायचंच नाही. पाय घट्ट बसला, टेंटॅकल्स चिकट लागायला लागले, की मग सुरू. कोळणीकडून ताजी कोळंबी घ्या, सोलून धुवून करंगळीच्या नखाएवढे तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवा, तिसऱ्याचं (शिंपल्याचं) मांसही चालतं, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) उत्तम. सुका जवळा, सोडे, मीठ-हळद लावलेलं काही नको. पंप दहा-पंधरा मिनिटं बंद करून लांब चिमट्याने तुकडा टेंटॅकल्सना टेकवायचा, तो धरून हळूहळू तोंडाकडे नेतो. आठवड्यातून एकदा पुरे. अंगाने फिका पडलेला असेल तर आणखी बारीक तुकडे आठवड्यातून दोन-तीनदा. तुकडा मोठा झाला की रात्री ओकून टाकतो, आणि तो सडून अमोनिया वाढतो, म्हणून सकाळी बघून काढायचा. तपकिरी चिकट घाण मात्र नेहमीची, तिला घाबरू नका.

सोबत क्लाऊनफिश (समुद्रफुलाच्या आसऱ्याला राहणारा मासा) असलाच पाहिजे असं नाही, अ‍ॅनिमोन एकटा मजेत राहतो. उलट नवीन नाजूक अ‍ॅनिमोनला दांडगा क्लाऊन घासून हैराण करतो, तोंडातली कोळंबीही पळवतो, तेव्हा मासा नंतर आणा.

नीट ठेवला तर हा जीव किती टिकतो? स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून निसर्ग-अभ्यासक सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये आणलेला एक अ‍ॅनिमोन एडिंबरात काचेच्या भांड्यात १८८७ पर्यंत जगला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मृत्यूनंतरही कितीतरी वर्षं. तो थंड पाण्यातल्या वेगळ्या जातीचा, पण पाणी बदलत राहिलं की काय होऊ शकतं ते कळतं.

बबल टिप जमला की मधोमध फाटून दोन होतो. तेव्हा काही दिवस खाणं बंद ठेवायचं, दोघांची तोंडं नीट जुळून आली की परत बारीक तुकड्यांनी सुरुवात, आणि जागा कमी पडत असेल तर एक जण टँक असलेल्या ओळखीच्याला दगडासकट देऊन टाका.