उपेंद्र महारथी : बुद्धचित्रांपासून बांबूकामापर्यंत

चित्रकार उपेंद्र महारथी यांचा जन्म १९०८चा, पुरी जिल्ह्यातल्या नरेंद्रपूरचा. ओडिशा तेव्हा बंगाल प्रांतात मोडत होता. १९१२ मध्ये तो बिहारला जोडला गेला आणि १९३६ मध्ये वेगळा झाला. स्वतंत्र ओडिशात सरकारी कलाविद्यालय निघायला १९५७ उजाडलं, तेही खल्लिकोटला. त्यामुळे शिकायला कलकत्ता आणि पोटापाण्याला बिहार, ही महारथींची वाट त्या काळच्या नकाशाला धरूनच होती.

कलकत्त्याच्या सरकारी कलाविद्यालयात इंग्रज प्राचार्य हॅवेल आणि चित्रकार अवनींद्रनाथ टागोर यांनी युरोपीय कित्ता बाजूला सारून मुघल-राजपूत लघुचित्रं आणि अजिंठ्याकडे मोर्चा वळवला होता. अजिंठ्याचं ऋण यात फार मोठं. १९०९ ते १९११च्या दरम्यान इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्याच्या कितीतरी आधी, १८७२ पासून, मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयाचे विद्यार्थी तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली हेच काम करत होते, हे आपण सहसा विसरतो. जपानी चित्रकारांकडून बंगालच्या चित्रकारांनी वॉश हे तंत्र उचललं : कागदावर पातळ जलरंग चढवायचा, वाळला की कागद पाण्यात भिजवायचा, पुन्हा रंग. असं अनेकदा केलं की कडा विरतात आणि रंग कागदात मुरतो.

या वातावरणात घडलेले महारथी बिहारमध्ये आले आणि बुद्धात रमले. राजगीर, नालंदा, बोधगया हाताशी होतं. १९४०च्या रामगढ काँग्रेस अधिवेशनाच्या सजावटीतही त्यांचा हात होता.

पुनरुज्जीवनवादी, म्हणजे असा जुन्या भारतीय परंपरेकडे वळलेला चित्रकार हा गतकाळात हरवलेला माणूस, असं सर्रास म्हटलं जातं. महारथींना ते मुळीच लागू पडत नाही. बिहारच्या उद्योग खात्यात राहून त्यांनी कारागिरांसाठी नमुने घडवले, जपानमध्ये बांबूकाम अभ्यासलं आणि त्यावर 'वेणुशिल्प' हे पुस्तक लिहिलं. पाटण्याची हस्तकला संशोधन संस्था आज त्यांच्याच नावाने चालते. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मिथिलेच्या भिंतींवरच्या (मधुबनी) चित्रांनाही त्यांनी पाठबळ दिलं. १९६६-६७च्या दुष्काळात हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांनी तिथल्या बायकांना कागदावर चित्रं काढायला लावण्यासाठी पाठवले ते मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी, ज्यांनी नंतर वारली चित्रंही जगासमोर आणली.