अल्टरनेटरची पुनर्बांधणी

मोटारगाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज निर्माण करून बॅटरी चार्ज करणारे यंत्र, निकामी झाल्यावर नवा न बसवता तोच उघडून, त्यातील झिजलेले व बिघडलेले भाग बदलून तो पुन्हा पूर्ण क्षमतेने चालता करणे, याला अल्टरनेटरची पुनर्बांधणी म्हणतात. त्याचे बहुतेक वजन ज्या भागांत असते, ते लोखंडी गाभे, तांब्याची वेटोळी व अ‍ॅल्युमिनियमचे कवच दीर्घकाळ टिकतात. बिघाड बहुधा कार्बन ब्रश (फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवणारे तुकडे), बेअरिंग, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) आणि व्होल्टेज रेग्युलेटर या मोजक्या लहान भागांत होतो, आणि हे भाग बदलता येतात.

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारी पुली रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, फिरवते. रोटरवरील फील्ड कॉइलला दोन ब्रश व शाफ्टवरील दोन स्लिप रिंगांमार्फत (ब्रश ज्यांवर घासतात ती धातूची कडी) काही अँपियर प्रवाह मिळतो आणि त्यातून फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यामुळे भोवतालच्या स्थिर स्टेटरच्या तीन वेटोळ्यांत प्रत्यावर्ती वीज निर्माण होते. सामान्यतः सहा डायोडांचा संच तिचे एकदिश विजेत रूपांतर करतो, तर रेग्युलेटर फील्ड कॉइलचा प्रवाह कमीजास्त करून १२ व्होल्टच्या गाडीत विजेचा दाब (व्होल्टेज) साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान राखतो. पूर्वीच्या डायनॅमोत निर्माण झालेली सगळी वीज कम्युटेटर (वीज एकदिश करणारे फिरते, खंडित कडे) व ब्रश यांतूनच बाहेर पडत असे. सिलिकॉन डायोड उपलब्ध झाल्यावर ही गरज उरली नाही आणि १९६० च्या दशकात अल्टरनेटरने डायनॅमोची जागा घेतली. अल्टरनेटरच्या ब्रशांवर केवळ फील्ड कॉइलचाच भार असल्याने ते वर्षानुवर्षे चालतात. पण घासणारा भाग तोच असल्याने झीजही तेथेच होते.

अल्टरनेटर गाडीतून काढण्यापूर्वीची तपासणी हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा आहे. सैल पट्टा, गंजलेले बॅटरी टर्मिनल, अर्थिंगची खराब तार किंवा जळालेला मुख्य फ्यूज यांमुळेही चार्जिंग बंद पडते आणि दोष नसलेला अल्टरनेटर उघडला जातो. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलांवर प्रथम एकदिश व नंतर प्रत्यावर्ती दाब मोजावा. प्रत्यावर्ती दाब अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त भरल्यास डायोडावर संशय घ्यावा. उभ्या गाडीची बॅटरी रात्रभरात उतरत असेल, तर शॉर्ट झालेला डायोड हे त्याचे एक कारण असू शकते. काही नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणक चार्जिंगचा दाब गरजेनुसार बदलत असल्याने तेथे केवळ व्होल्टमीटरच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहण्याची जुनी पद्धत मात्र सर्वथा वर्ज्य मानावी, कारण त्या क्षणी दाब एकदम उसळून डायोड, रेग्युलेटर आणि गाडीतील इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे जळू शकतात.

काम सुरू करताना सर्वप्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी, कारण अल्टरनेटरच्या जाड तारेत बॅटरीची वीज कायम असते. अल्टरनेटर उघडण्यापूर्वी कवचाचे दोन्ही भाग आणि स्टेटर यांवर एकच आडवी खूण करून ठेवावी; ती नसल्यास जोडताना फिटिंगची भोके जुळत नाहीत. पुलीचा नट इम्पॅक्ट पान्याने काढावा किंवा शाफ्टच्या टोकाला खाच असल्यास तेथे चावी धरून सोडवावा. रोटरचे नखासारखे ध्रुव शिकंज्यात आवळू नयेत.

उघडल्यावर पहिली नजर ब्रश व स्लिप रिंगांकडे जाते. ब्रशचा होल्डरबाहेरचा भाग साधारण ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल, तर स्प्रिंगचा दाब अपुरा पडू लागतो आणि चार्जिंग अधूनमधून तुटते. इंजिनाच्या हादऱ्यांनी ते काही काळ पुन्हा सुरूही होते, म्हणून हा दोष सापडायला वेळ लागतो. रिंगा नुसत्या काळ्या पडल्या असतील, तर रोटर फिरवत बारीक पॉलिश पेपरने त्या उजळतात. खोल चर पडली असल्यास लेथवर समपातळी करून घ्याव्या लागतात आणि धातू फारच झिजला असल्यास रिंगा बदलाव्या लागतात. चर तशीच ठेवून नवे ब्रश बसवले, तर ते चरीच्या काठांवर टेकून लवकर झिजतात. केवळ ब्रश बदलून थांबणारी दुरुस्ती येथेच फसते.

बेअरिंगांबाबत काटकसर करू नये. पुढचे मोठे बेअरिंग पट्ट्याचा ताण सोसते, तर मागचे लहान बेअरिंग डायोडांच्या उष्णतेजवळ असते. पुली क्रँकपेक्षा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यापेक्षा, साधारण दोन ते तीन पट वेगाने फिरत असल्याने, इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असताना रोटर १२,००० ते १८,००० फेऱ्यांवर असतो. म्हणून उच्च वेग व उष्णता सोसणारी, दोन्ही बाजूंनी सील असलेली बेअरिंगेच घ्यावीत. शाफ्टवर बेअरिंग बसवताना दाब आतल्या कड्यावर आणि कवचात बसवताना बाहेरच्या कड्यावर द्यावा. उलट केल्यास गोळ्यांच्या मार्गावर सूक्ष्म खड्डे पडतात आणि नवे बेअरिंग सुरुवातीपासूनच गुणगुणते.

विजेच्या भागांची तपासणी मल्टिमीटरने होते. दोन स्लिप रिंगांमधला रोध १२ व्होल्टच्या रोटरमध्ये सामान्यतः २ ते ५ ओहम असतो, आणि रिंग व शाफ्ट यांच्यात मीटरने काहीही जोड दाखवता कामा नये. स्टेटरची वेटोळी व त्याचा गाभा यांच्यातही जोड असता कामा नये. मात्र वेटोळ्यांचा स्वतःचा रोध इतका कमी असतो की साध्या मीटरला आतला शॉर्ट ओळखता येत नाही. तेथे वार्निशचा करपलेला रंग आणि जळका वासच जास्त सांगून जातो. डायोड एका दिशेने सुमारे अर्धा व्होल्ट दाखवतो व दुसऱ्या दिशेने बंद असतो. दोन्हीकडून जोड दाखवणारा डायोड शॉर्ट, तर कुठूनच न दाखवणारा तुटलेला. काही संचांत झेनर प्रकारचे (ठरावीक दाबापुढे उलट दिशेनेही वीज जाऊ देणारे) डायोड असतात, तरी मीटरच्या लहान दाबाला तेही याच नियमाने वागतात. स्टेटरच्या तारांचा डाख सोडवताना दमदार सोल्डरिंग आयर्न (डाख देण्याचे तापते हत्यार) वापरून काम चटकन उरकावे, अन्यथा डायोड तापून खराब होतो.

स्टेटरचे वायंडिंग जळले असेल, तर ते पुन्हा भरणे जुन्या, गोल तारेच्या बांधणीत शक्य असते. सळयांसारख्या चौकोनी तारा वाकवून बनवलेल्या अलीकडच्या स्टेटरमध्ये ते व्यवहार्य नसते. कवचाला तडा गेला असेल किंवा बेअरिंगचे घर सैल झाले असेल, तरीही पुनर्बांधणीचा आग्रह धरू नये. एरवी मूळ अल्टरनेटर राखण्यात मोठा फायदा आहे : रेग्युलेटर, पुलीची रचना आणि संगणकाशी होणारा संवाद या बाबतीत तो त्या गाडीशी जुळलेलाच असतो, तर बाहेरून तसाच दिसणारा बदली अल्टरनेटर यांपैकी एखाद्या बाबतीत वेगळा निघू शकतो.

जोडणी करताना अनेक रचनांत मागच्या छिद्रातून बारीक तार घालून ब्रश आत दाबून धरतात आणि कवच बंद झाल्यावर ती ओढून काढतात. रोटर हाताने कुठेही न घासता फिरला पाहिजे. गाडीत बसवण्यापूर्वी शक्य असल्यास चाचणी बाकावर (अल्टरनेटर गाडीबाहेर फिरवून तपासण्याच्या यंत्रावर) पूर्ण भार देऊन पाहावे. असा बाक नसल्यास तो गाडीत बसवून इंजिन चालू करून हेडलाइट व पंखा लावल्यावर दाब टिकतो का, हे मोजावे. बॅटरी पूर्ण उतरलेली असल्यास ती आधी चार्जरने भरून घ्यावी, कारण रिकामी बॅटरी भरण्यासाठी अल्टरनेटरला दीर्घकाळ पूर्ण भारावर चालावे लागते आणि नुकताच डाख दिलेला डायोड संच अकारण तापतो.