पायाची बायपास सर्जरी

बायपास म्हटलं की आपल्या सोलापुरात सगळ्यांना हार्टच आठवतं, पण पायाचीही बायपास असते आणि ती पाय कापायची वेळ येऊ नये म्हणून करतात. मांडीतली किंवा गुडघ्यामागची धमनी आतून चरबी नि चुना साठून बंद झालेली असते, मग तिच्या वरच्या चांगल्या भागापासून खालच्या चांगल्या भागापर्यंत दुसरी नळी जोडून रक्त पुढं नेतात. पॅरिसमध्ये १९४८ साली जाँ कुनलिन या सर्जननं पेशंटचीच शीर वापरून मांडीत हे केलं, आणि आजही सगळ्यात चांगली नळी तीच.

चालताना पोटरीत गोळे येतात नि थांबलं की जातात, या स्टेजला बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. विडी-सिगरेट बंद, रोज चालणं आणि गोळ्या, एवढ्यावर भागतं. खरा धोका पुढं. रात्री आडवं झालं की पावलाची आग होते, पाय खाटेखाली लोंबता सोडला की जरा बरं वाटतं, म्हणून माणूस बसून रात्र काढतो आणि घरचे म्हणतात वात आहे, तेल चोळा. पाय गार लागतो म्हणून कुणी गरम पाण्याची पिशवी ठेवतं, शुगरमुळं बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही, फोड येतो नि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. असं दुखणं दोन आठवड्यांच्या वर चाललं, किंवा बोट काळं पडलं, तर पाय धोक्यात आहे असं धरायचं.

तपासणी साधी आहे, घोट्याचं बीपी भागिले हाताचं बीपी. ०.९ च्या खाली आलं तर धमनीचा आजार, ०.४ च्या खाली गंभीर. पण शुगरवाल्यांच्या धमन्या कडक होतात नि आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचं प्रेशर, डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि सीटी अँजिओ (औषध टोचून काढलेले धमन्यांचे फोटो) बघतात. कुणी पाय कापायला लागेल म्हटलं तर अँजिओग्राफी झालीय का, हे विचारायलाच पाहिजे. अपवाद एकच, पू वर चढून जिवाला धोका असेल तर आधी तो काढावा लागतो, तिथं थांबून चालत नाही.

ऑपरेशनमध्ये घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी कातडीखालची लांब शीर काढतात. शिरेतल्या झडपा रक्त एकाच दिशेनं, म्हणजे वर सोडतात, म्हणून ती उलटी करून लावतात, नाहीतर जागेवरच ठेवून आतल्या झडपा बारीक हत्यारानं कापतात. शीर खराब असेल किंवा आधीच हार्टच्या बायपासला वापरली असेल तर प्लास्टिकची नळी, पण गुडघ्याच्या खाली ती फार टिकत नाही. काळी बोटं नंतर काढावी लागतातच, फक्त आता रक्त असल्यामुळं ती जखम भरू शकते आणि टाच वाचते.

बायपास की बलून, म्हणजे धमनीत फुगा घालून ती आतून रुंद करणं, यावर डॉक्टरांतही वाद आहे. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात चांगली शीर असलेल्यांना आधी बायपास बरी ठरली, तर २०२३ ला गुडघ्याखालच्या धमन्यांच्या दुसऱ्या अभ्यासात उलट निघालं. त्यामुळं शीर कशी आहे, हार्ट किती सोसेल, हे बघूनच ठरतं.

सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळतात, ओढणारेही जिल्ह्यात कमी नाहीत, नि तरुण पोरांमध्ये तंबाखूमुळं बर्जर नावाचा वेगळा आजार होतो. त्यात पावलातल्या बारीक धमन्याच जातात, बायपास जोडायला खाली जागाच उरत नाही, तंबाखू पूर्ण सोडणं हाच मुख्य उपाय.

घरी आल्यावर पाय कित्येक आठवडे सुजतो, ते बऱ्याचदा रक्त परत आल्याचं असतं, पण पाय अचानक गार नि पांढरा पडला तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही. अॅस्पिरिन नि कोलेस्टेरॉलची गोळी कायम, आणि पहिल्या वर्षात ठराविक दिवसांनी डॉपलर. खर्चाचं म्हणाल तर २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं, आता ती महात्मा फुले योजना, तेव्हा भरती व्हायच्या आधीच रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठायचं.