लिंक चालते, पण भलत्याच पानावर नेते
एकाच नावाच्या अँकरविषयी, आमच्या ग्राहकांसाठी

‘सगळ्या लिंक चालतात, आम्ही स्वतः क्लिक करून पाहिलं, मग फाईल परत का पाठवली?’ हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: फाईलमध्ये एकाच नावाचे दोन किंवा अधिक अँकर आहेत. फोनवर हे सांगताना समोर फाईल नसते आणि गोंधळ वाढतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवत आहोत.

लिंक टाकता तुम्हाला येतेच. ती जिथे जाऊन पोचते ती जागा म्हणजे अँकर. वर्डमध्ये त्याला बुकमार्क म्हणतात, इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्ट अँकर, ई-पबच्या (म्हणजे ई-पुस्तकाच्या) आतल्या फाइलींत आयडी. वर्ड आणि ई-पबमधली लिंक जागेचा पत्ता नावानेच शोधते. एका नावाच्या दोन जागा झाल्या तर तुमच्या मनात कोणती होती हे तिला कळायला मार्ग नाही.

तुटलेली लिंक निदान लपून राहत नाही. क्लिक केलं की काही होत नाही, आणि कोणीतरी ते सांगतं. दुहेरी नावाची लिंक मात्र निळी दिसते, क्लिक होते, पानही उघडतं. आमच्याकडे आलेल्या एका प्रशिक्षण पुस्तिकेत नवव्या प्रकरणात ‘कोष्टक १ पाहा’ असं होतं. क्लिक केल्यावर दुसऱ्या प्रकरणातलं कोष्टक उघडत होतं. त्याचंही शीर्षक ‘कोष्टक १’च होतं, त्यामुळे दोन प्रुफं वाचूनही ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आकडे वेगळे, शीर्षक तेच. वाचकाने त्या आकड्यांवर हिशेब केला असता तर चूक पुस्तिकेचीच ठरली असती.

ही नावं दुहेरी होतात कशी? जवळजवळ नेहमी एकाच सवयीमुळे. पहिलं प्रकरण नीट तयार होतं, मग ‘सेव्ह अ‍ॅज’ करून त्याचं दुसरं, तिसरं प्रकरण केलं जातं आणि जुना मजकूर पुसून त्यावर नवा टाइप होतो. शीर्षकं, चौकटी, समास आयते मिळतात, वेळ वाचतो, हे आम्हाला मान्य आहे. पण बुकमार्कही सोबत येतात. प्रत्येक फाईल सुटी असेपर्यंत काही बिघडत नाही, कारण एका फाईलपुरतं नाव एकच असतं. आम्ही चौदा प्रकरणं जोडून एक पुस्तक करतो तेव्हा ‘आकृती१’ नावाच्या चौदा जागा एकमेकींसमोर येतात. म्हणून आमची पहिली आणि सगळ्यात कळकळीची विनंती: जुन्या प्रकरणावरून नवं करायचं असेल तर आधी त्यातले सगळे बुकमार्क काढा, मगच लिहायला बसा. त्याहून बरं म्हणजे कोरा साचा आमच्याकडून मागून घ्या. काम आमच्याकडे येणार असेल तर त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

काही ग्राहक विचारतात, तुम्हीच का दुरुस्त करत नाही? नावं बदलणं आमच्यासाठी अवघड नाही. पण लेखकाला नेमकं कोणतं कोष्टक दाखवायचं होतं, हे लेखकच सांगू शकतो. अंदाजाने लावलेली लिंक ही चुकीच्या लिंकइतकीच धोक्याची, कारण तीही बरोबर दिसते. त्यामुळे शंका असलेल्या लिंकची यादी करून आम्ही तुमच्याकडे पाठवतो. त्यात दोन दिवस जातात खरे, पण छापील शुद्धिपत्र काढण्यापेक्षा ते परवडतात.

त्यात वर्डमध्ये बुकमार्कचं नाव थेट बदलता येत नाही. नवा बुकमार्क करायचा, जुना काढायचा आणि जुन्या नावावर बेतलेली प्रत्येक लिंक पुन्हा जोडायची. सुरुवातीला मिनिटाचं असलेलं काम शेवटी दिवसाचं होतं ते यामुळे.

नाव ठेवताना प्रकरणाचा क्रमांक वापरू नका. संपादनात नववं प्रकरण सातवं होतं आणि मग नावच खोटं बोलू लागतं. पानाचा क्रमांक तर नकोच नको. प्रकरणाची एक छोटी विषयखूण ठरवा आणि तिच्यापुढे घटक जोडा: ‘सिंचन_कोष्टक_दर’, ‘माती_आकृती_थर’. वर्डमध्ये नाव अक्षराने सुरू व्हावं लागतं, मध्ये मोकळी जागा चालत नाही आणि मर्यादा ४० अक्षरांची आहे.

इथे वाचायला सोपं म्हणून उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कामात मात्र आम्ही रोमन अक्षरंच वापरतो. त्याचं कारण मराठी लिहिणाऱ्यांनी जाणून घ्यावं असं आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणजे दुहेरी नावाच्या बरोबर उलट अडचण: नाव एकच दिसतं आणि लिंक तरीही सापडत नाही.

ई-पबमध्ये एका फाईलच्या आत आयडी दुसऱ्यांदा आला की ईपबचेक हे ई-पब तपासणारं साधन त्याला चूक म्हणून दाखवतं. वेगवेगळ्या फाइलींत तोच आयडी असला तर चालतं, कारण लिंकमध्ये फाईलचं नावही असतं. पण कोणी दोन प्रकरणांच्या फाइली एकत्र केल्या की तोच आयडी चूक ठरतो. ब्राउझर अशा वेळी तक्रार करत नाही, क्रमाने जो पहिला सापडेल तिथे नेऊन सोडतो. तयार पीडीएफ एकमेकांना जोडतानाही अशीच टक्कर होऊ शकते. म्हणून कृपया सुट्या पीडीएफ घरी जोडून देऊ नका, मूळ फाइली द्या.

परिच्छेद हलवताना आणखी एक काळजी घ्या. वर्डमध्ये बुकमार्क असलेला मजकूर त्याच फाईलमध्ये कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर बुकमार्क मूळ जागीच राहतो. नंतर मूळ मजकूर पुसला की बुकमार्कही गेला. मजकूर हलवायचाच असेल तर तो पूर्ण निवडून कट करा आणि पेस्ट करा, म्हणजे बुकमार्क सोबत जातो. बुकमार्क दिसत नसतील तर ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्ड विभागात ‘शो बुकमार्क्स’वर खूण करा. बुकमार्क केलेल्या मजकुराभोवती चौकोनी कंस दिसू लागतील. छपाईत ते येत नाहीत.

फाईल पाठवताना सोबत साध्या तक्त्यात तीन रकाने भरून द्या: लिंकचा मजकूर, ती कुठे जायला हवी, आणि अँकरचं नाव. हा तक्ता असेल तर आम्ही अंतिम पीडीएफमधली प्रत्येक लिंक एकेक करून क्लिक करून तपासतो आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही. तक्ता नसेल तर तपासणी वेगळं काम म्हणून धरतो आणि तसं दरपत्रकात आधीच लिहून देतो. तक्त्याचा नमुना साच्यासोबतच मिळेल.