टॅव्हर्नात जेवायला बसण्याआधी (ग्रीस सहलीच्या प्रवाशांसाठी)

"रोज रात्री इंडियन जेवण का देत नाही?" हा प्रश्न प्रत्येक ग्रुपमधून येतो. अथेन्समध्ये आपण एकदा इंडियन जेवतोच. पण बेटांवर आम्ही मुद्दाम घरच्या माणसांनी चालवलेल्या टॅव्हर्नात, म्हणजे साध्या ग्रीक खानावळीत नेतो, आणि तेही शाकाहारी मंडळींचा विचार करूनच. तिकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपवास वर्षात बरेच. त्यात मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्यामुळे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या आणि कडधान्यं तिकडे घरोघरी होतात. (मात्र त्या उपवासाला कोळंबी, माकूळ चालतात, तेव्हा "उपवासाचं आहे" एवढ्यावर विसंबू नका.)

आता आमची कळकळीची विनंती. माणशी एक डिश मागवू नका. स्वयंपाकघरात दोन-तीन माणसं असतात. वीस जणांनी वीस वेगळ्या गोष्टी सांगितल्या, की कुणाचं ताट दहा मिनिटांत येतं, कुणाचं तासाभराने. मग ज्याचं आलं तो संकोचाने थांबतो, आणि शेवटी सगळे एकमेकांच्या ताटातलं चाखतातच! तिथली पद्धतच मुळी पदार्थ टेबलाच्या मधोमध ठेवून सगळ्यांनी वाढून घेण्याची. चौघांत एक होरियातिकी सॅलड (वर फेटा चीजची जाड वडी असते), एक फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, एक यीगांतेस हे टोमॅटोतले मोठे पांढरे वाल, आणि एक येमिस्ता, भात भरलेले टोमॅटो-ढोबळी. येमिस्तात कधीकधी खिमा असतो. आमचा टूर मॅनेजर आधी विचारून घेतो. एवढ्यात पोट भरतं. कमी पडलं तर पुन्हा मागवता येतं.

भाजी कोमट येईल. ती शिळी नसते, तिकडे तशीच खातात. गरम करायला परत पाठवू नका. साडेसातला हॉटेल रिकामं दिसलं तरी नाक मुरडू नका, स्थानिक लोक नऊनंतर येतात. न मागता आलेल्या ब्रेडचे पैसे बहुतेक ठिकाणी लागतात. आपल्या सहलीत ते आम्ही भरतो.

स्वतंत्र जेवलात तर बिल मागावं लागतं, आपणहून आणणं तिकडे उद्धटपणाचं समजतात. "लोगारियाझमो, पाराकालो" म्हणा. सोबत बहुधा फळं किंवा काहीतरी गोड फुकट येतं, तेवढं थांबा.

जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा. या भाज्यांत कांदा असतोच, त्यामुळे आम्हाला आदल्या दिवशी फोन करून वेगळं करायला सांगावं लागतं.