फुटका सायलेन्सर हवा आतही ओढतो

उभ्या गाडीत एसी लावून झोपलेले लोक गुदमरून गेले, अशी बातमी अधूनमधून येतच असते. तिच्याखाली ‘एसीचा गॅस लीक झाला असणार’ असं कोणीतरी ठामपणे सांगतंच. जरा हिशेब करून बघा. छोट्या कारच्या एसीत आर-१३४ए हा वायू साधारण अर्धा किलो असतो. तो सगळाच्या सगळा आत सुटला तरी सव्वाशे लिटरच्या आसपास जागा व्यापेल, आणि केबिन असते दोन-अडीच हजार लिटरची. एवढ्यानं कोणी गुदमरत नाही. जीव घेतो तो इंजिनातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. जुन्या गाडीत त्याला केबिनपर्यंत वाट करून देतात गळका एक्झॉस्ट (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइप), गंजलेला फ्लोअर आणि डिकीचं फाटलेलं रबर.

सायलेन्सर फुटला की आवाज वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच भोकातून बाहेरची हवा आत शिरते, हे सहसा पटत नाही. आत दाब जास्त, मग हवा आत येईलच कशी?

येते, कारण तो दाब सलग नसतो. मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं इंजिन घ्या. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला २० वेळा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी एक दाबाची लाट पाइपात सुटते. तापलेल्या वायूत ती सेकंदाला साधारण ४५० मीटर वेगानं पळते. दोन मीटरवर सायलेन्सरचा डबा आला की पाइप एकदम रुंद होतो आणि लाटेचा काही भाग तिथून उलटा फिरतो, तोही चिन्ह बदलून: गेली होती दाबाची लाट, परत येते ओढीची. जाऊन-येऊन ९ मिलिसेकंद. पुढची दाबाची लाट यायला अजून बराच अवकाश असतो. शिवाय बाहेर धावत सुटलेला वायूचा स्तंभ स्वतःच्या जडत्वानं मागे पोकळी ठेवतो, ती वेगळीच. तेवढ्या क्षणात भोकापाशी दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि हवा आत ओढली जाते. वेग वाढला, वायूचा लोंढा वाढला की सरासरी दाब चढतो आणि गळती मुख्यतः बाहेरच होते. म्हणून ही चोरी आयडलिंगलाच जास्त चालते.

कार्ब्युरेटरच्या गाडीत यानं फारसं बिघडत नाही. एमपीएफआय गाडीत (जिथे पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवतो) मात्र वाटेत ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, हवा जास्त असेल तर ०.१. हवा कुठून आली हे त्याला कळत नाही. सेन्सरच्या आधी गळती असेल तर ओढलेली हवा पाहून तो ‘पेट्रोल कमी’ असं कळवतो, ईसीयू, म्हणजे तो संगणक, इमानेइतबारे पेट्रोल वाढवतो, आणि मुळात बरोबर असलेल्या मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. अ‍ॅव्हरेज पडतं, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. गंमत म्हणजे हीच हवा नमुना पातळ करते, त्यामुळे पीयूसीच्या यंत्रावर हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. अशा वेळी लोक पेट्रोलच्या नळीवर ‘अ‍ॅव्हरेज वाढवणारं’ चुंबक बसवतात. पेट्रोलला त्या चुंबकाचं काहीही सोयरसुतक नसतं.

स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलिंगला अधिक १५-२० टक्के आणि २५०० फेऱ्यांना जवळपास शून्य, तर कुठून तरी हवा शिरतेय. पण इनटेकची नळी चिरली तरी हेच चित्र दिसतं, म्हणून आधी ती तपासा. थेट नवा सेन्सर विकत घेऊ नका.

भोक शोधायचं ते सकाळी, इंजिन गार असताना. स्टार्ट करताच टिकटिक ऐकू आली, रेस दिल्यावर वाढली आणि गाडी तापल्यावर दबली, तर बहुधा मॅनिफोल्डचं, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं, पॅकिंग गेलंय. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज समजून बरेच जण इथे फसतात. बिडाचं ३० सेंटिमीटरचं मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापलं की दीड मिलिमीटरहून जास्त लांबतं; अ‍ॅल्युमिनियमचं हेड (मॅनिफोल्ड ज्याला जोडलेलं असतं तो सिलिंडरवरचा भाग) पाण्यानं थंड राहतं, ते जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक वेळी एक मिलिमीटरची ओढाताण. ती सगळ्यात जास्त सोसतात टोकांचे स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणारे आटेदार दांडे), आणि म्हणूनच तुटतात तेच. फट उघडी असते ती गार असताना. तापून फुगल्यावर ती बुजते. पॅकिंगच्या कडेला काजळीचे काळे ओघळ दिसले की शंका उरत नाही.

बाकी पाइपासाठी इंजिन बंद ठेवून व्हॅक्युम क्लीनरच्या ब्लोअरचं तोंड सायलेन्सरच्या टोकात चिंध्या गुंडाळून बसवा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जागा दाखवतात. अगरबत्तीचा धूरही चालतो, पण पेट्रोलचा वास येत नाही ना हे आधी बघून. गाडीला अगरबत्तीचा एवढाच काय तो खरा उपयोग. सायलेन्सरच्या तळाला एक बारीक, गोल, स्वच्छ भोक असतं, ते मात्र बुजवू नका. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर ते डब्यात साचतं, आणि ते भोक त्याच्या निचऱ्यासाठीच ठेवलेलं असतं. डबा आतून गंजतो तो याच पाण्यानं.

दुरुस्तीत घाई नडते. गंजलेल्या स्टडला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरी हलला नाही तर गरम करा, आणि तुटलाच तर त्याच्या मुंडीवर नट वेल्ड करून फिरवा. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला, फट ०.१ मिलिमीटरहून जास्त असेल तर फेसिंग करून (तोंड घासून सपाट करून) घ्यायला हवं, नाहीतर नवं पॅकिंगही जळतं. पॅकिंग कोरडंच बसवा. लाल सिलिकॉन मॅनिफोल्डच्या तापमानाला टिकत नाही, एम-सील तर नाहीच. एम८ (८ मिलिमीटर जाडीच्या) स्टडला साधारण २० न्यूटन-मीटर पुरतं, पण नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. आवळायचं मधून सुरुवात करून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत. नट पितळी असले तर पुढच्या खेपेला सुटतात.

पाइपाला ठिगळ लावण्याआधी स्क्रूड्रायव्हरनं ठोकून बघा. पत्रा जिथे दबतो तिथून जाड धातू लागेपर्यंत कापल्याशिवाय वेल्डिंग धरत नाही. ठिगळाला जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा) तुकडा नको, जस्ताचा धूर वेल्डिंगवाल्याला ताप आणतो. आर्क लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, नाहीतर ईसीयू जाण्याचा धोका असतो. फ्लँजवर (पाइपाच्या जोडाच्या चकतीवर) स्प्रिंगचे बोल्ट असतील तर स्प्रिंग पूर्ण दाबेपर्यंत आवळू नका. इंजिन डोलतं तेव्हा तो जोड हलायलाच हवा, नाहीतर चीर दुसरीकडे जाते. शंभरेक किलोमीटर चालवून झाल्यावर, इंजिन पूर्ण गार असताना, मॅनिफोल्डचे नट टॉर्क रेंचनं पुन्हा एकदा तपासून घ्या.