थॉमस लिंकन: बदनाम बाप आणि कोर्टातले कागद

अब्राहम लिंकनवरचं काहीही वाचायला घ्या, त्याच्या बापाचं म्हणजे थॉमसचं चित्र बहुतेक वेळा तेच असतं, आळशी, अडाणी, आज इथे तर उद्या तिथे. मला हे कायम खटकतं, कारण यातलं बरंचसं लोकांच्या आठवणींवर उभं आहे आणि त्या आठवणी गोळा झाल्या 1865 नंतर, म्हणजे थॉमस जाऊन 14 वर्षं उलटल्यावर.

जन्म 1778 चा, व्हर्जिनियातला. 1786 मध्ये केंटकीत शेतात काम चालू असताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात वडील मारले गेले, हा तेव्हा 8 वर्षांचा. केंटकी त्या वेळी व्हर्जिनियातच होतं आणि मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्याला असा कायदा, त्यामुळे सगळं थोरल्या भावाकडे, मॉर्डेकायकडे गेलं आणि धाकटा थॉमस मजुरी करत वाढला. भटक्या म्हणतात ते इथून सुरू होतं. पण त्याच पोराने सुतारकाम शिकून 1803 मध्ये, पंचविशीत, केंटकीतल्या हार्डिन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) 238 एकर जमीन विकत घेतली, आणि 1814 च्या कराच्या यादीत तिथल्या 98 मालमत्ताधारकांत त्याचा नंबर 15वा लागतो. आळशी माणूस असा असतो का?

लग्नाचं तर अजून वाईट. नोंद सापडेना, म्हणून आईबापाचं लग्नच झालं नव्हतं अशी कुजबुज लिंकनच्या विरोधकांनी पसरवली. घर हार्डिनमध्ये म्हणून शोधायचे ते हार्डिनमध्येच, पण लग्न लागलं होतं शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, नवरीच्या माणसांकडे. तिथल्या कोर्टात 1878 साली कागद निघाला: 10 जून 1806 चं, लग्नाआधी लिहून द्यायचं 50 पौंडांचं जामीनखत, त्यावर थॉमसची स्वतःची सही, आणि लग्न लावणाऱ्या जेसी हेड या धर्मोपदेशकाने दिलेल्या यादीत 12 जूनला थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स. ते वाचायला मुलगा मात्र राहिला नव्हता.

नॅन्सीचा माग काढणं त्याहून अवघड, कारण 1840 पर्यंतच्या जनगणनेत फक्त घरातल्या कर्त्याचं नाव लिहायचे, बाकी सगळे नुसते आकडे, आणि ती तर 1818 लाच गेली, विषारी झुडूप खाल्लेल्या गाईच्या दुधाने होणाऱ्या आजारात, वय 34. तिची आई लुसी हँक्सच का, हा वाद पुढे जवळजवळ दीडशे वर्षं चालला आणि 2015 मध्ये आईकडून मुलांकडे जाणाऱ्या डीएनएच्या तपासणीने लुसीच्या बाजूने निकाल दिला.

आता राहिलं ते सारखं घर हलवणं. केंटकीत जमिनीच्या हद्दी म्हणजे अमुक झाड, तमका दगड, एकाच तुकड्यावर दोघा-तिघांचे दावे, आणि थॉमसच्या तिन्ही शेतांच्या मालकीत कटकटी निघाल्या. इंडियानात सरकारने चौकोनी मोजणी करून जमीन विकायला काढली होती. 1816 ला तो तिकडे गेला, यात गुलामगिरी नको हेही एक कारण होतंच, आणि पुढच्याच वर्षी एकरी 2 डॉलरने 160 एकर नावावर मागितली. सगळे पैसे काही जमले नाहीत. मग 1827 मध्ये अर्धी सरकारला परत करून उरलेले 80 एकर त्याने पूर्ण फेडले, आणि त्या जमिनीवर मग कोणाचाच दावा आला नाही.